चाळीस टक्के शेड

"ताई, हे काळं जरा काढून देतीस काय?"

काउंटरवर एक झेरॉक्सचा कागद आला आणि त्यामागोमाग पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला हात. मी आधी कागद पाहिला, हात नंतर. छापखान्यात राहून डोळे असे बिघडतात, दुसरं काय.

कागदाच्या मधोमध तीन चौकोन काळे ठिक्कर पडले होते. वरचं स्वच्छ, खालचं स्वच्छ, आणि मधे हे तीन, तव्याच्या बुडासारखे.

"कुणी काढली ही झेरॉक्स?" मी फणकारले. "मशीनमध्ये टोनर घालतात की डांबर? मूळ कागद आण, मी चांगली काढून देते."

"मूळ कागद कंपनीत हाय. त्यो आता घावंना म्हणत्यात."

सत्त्याण्णव सालची गोष्ट. सांगलीत उपाध्ये तात्यांचा ऑफसेटचा छापखाना होता. पुढच्या बाजूला झेरॉक्सचं मशीन, मागं छपाईचं, आणि मधल्या काचेच्या खोलीत संगणकापाशी मी, विजयमाला मगदूम. सगळे माला म्हणायचे. वय चोवीस आणि तोंडाळ म्हणून ख्याती अख्ख्या पेठेत. सुटे पैसे न देणाऱ्या कंडक्टरपासून ते लाइन मोडून पुढं घुसणाऱ्या नगरसेवकाच्या मेव्हण्यापर्यंत कुणाला मी सोडलं नव्हतं. आई म्हणायची, हिला विचारल्याशिवाय राहवतच नाही, हिचं सासरी कसं व्हायचं!

समोरची बाई तिशीची असेल. कपाळावर बारीक हिरवं गोंदण, साडीचा पदर कमरेला खोचलेला. स्टूल दिलं तर टोकावरच बसली.

"नाव काय तुमचं?"

"सिंधू आवळे. पत्रा कंपनीत झाकणाच्या मशीनवर हुते."

"होते म्हणजे?"

"हात बरा हुईस्तवर येऊ नको म्हणालेत. आता हात कसला बरा हुतोय? बोटं काय परत उगवत्यात व्हय?" असं म्हणून ती हसली. मी तेव्हा कुठं तो हात नीट पाहिला. पट्टीखाली उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी, एवढीच दोन उरली होती.

डब्यांची झाकणं ठोकणारी ती कंपनी गावाबाहेर एमआयडीसीत होती. नाव मोठं लांबलचक, पण सगळे पत्रा कंपनीच म्हणायचे. सिंधू तिथं सहा वर्षं मशीनवर होती. पत्रा आत सरकवायचा, पायानं दाबायचं, वरून ठोका पडायचा, झाकण बाहेर. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला पुढून लोखंडी जाळी असते.

"सोळा दिस जाळी नव्हती बघ," ती म्हणाली. "काढून ठेवलीती. जाळी असली की माल कमी निघतो म्हणं. मी सुपरवायझरला दोनदा सांगितलं. सोळाव्या दिवशी हे झालं."

"मग?"

"मंग परवा सरकारी कचेरीत बोलवलंय. कंपनी म्हणती जाळी हुती, हिनंच वर करून हात घातला, हिचीच चूक. माझी चूक ठरली की नुकसानभरपाई गेली, नोकरी गेली. घरात मिळवती मी एकटीच हाय ताई. आणि साक्षीला कोण येत न्हाई. सगळ्यांच्या चुली तिथंच पेटत्यात." तिनं डाव्या हातानं कागदावरचे काळे चौकोन दाखवले. "हितं लिवलंय मी समदं. ह्याच तीन खणांत. दवाखान्यातनं आल्यावर त्यांनी ह्यो फारम पुढं केला. कारकून म्हणाला, आण मी लिवतो. म्हटलं, नको. चौथी शिकलीय मी. डाव्या हातानं लिवलं. दोन तास लागलं, खरं सोडलं न्हाई. तवा त्यांनी मला ही झेरॉक्स दिली. त्या येळी बघितलंच न्हाई बघ मी. डोळ्यापुढं अंधारी यायची."

मी कागद मशीनवर टाकला. सगळ्यात फिकी काढली. काळं ते काळंच. मोठी करून काढली, तर तीन काळे चौकोन मोठे झाले. सिंधू दरवेळी मान लांब करून बघायची आणि परत टेकायची. पाचव्या वेळेला मी कागद उचलून उजेडाकडं धरला, तेव्हा उजव्या कोपऱ्यातलं चित्र दिसलं.

कामगाराचं डोकं. त्यावर हेल्मेट. आणि हेल्मेटखालून बाहेर आलेल्या दोन वेण्या.

त्या वेण्या मी काढल्या होत्या.

हा फॉर्म माझा होता.

त्या काळी लग्नपत्रिका, हँडबिलं असलं देखणं काम सगळ्यांना हवं असायचं. मला मात्र फॉर्मचं वेड. गेटपास, रजेचे अर्ज, पावतीपुस्तकं. लोक म्हणायचे, फॉर्मला कोण बघतंय? मी म्हणायची, अहो, पत्रिका एकदा बघून माणूस कपाटात टाकतो. फॉर्म भरताना अर्धा तास त्याच्याशी झटापट करतो. माझ्या आधी छापखान्यातले फॉर्म म्हणजे नुसत्या रेघांचे पिंजरे होते. मी मथळ्यांच्या मागं हलकी शेड द्यायला लागले, कोपरे गोल केले, कुठं सही करायची तिथं छोटी लेखणी काढली. शेड म्हणजे काय, भिंगातून बघाल तर बारीक काळे ठिपके असतात. दाट टाकले की गडद दिसतं, विरळ टाकले की फिकट. दहा टक्के म्हणजे हलकी राखाडी छटा. डोळा बरोबर जिथं न्यायचा तिथं जातो. पत्रा कंपनीचे सगळे फॉर्म मी असे नटवले होते आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

हा अपघात नोंदीचा फॉर्म घेऊन त्यांचे पर्सोनेल मॅनेजर हुद्दार साहेब स्वतः आले होते, चार महिन्यांपूर्वी. इस्त्रीचा सफारी, अत्तराचा वास, बोलणं मधात बुडवून काढलेलं.

"सरकारी इन्स्पेक्टरनं मानगुटीवर बसून हे तीन रकाने घालायला लावलेत," ते म्हणाले होते. "सात, आठ, नऊ. मशीनला जाळी होती काय, आधी तक्रार केली होती काय, कामगाराचं म्हणणं काय. आणि वर भरलेल्या फॉर्मची नक्कल कामगाराला तिथल्या तिथं द्यायची म्हणे. आता तुम्ही जरा शोभिवंत करून द्या, मॅडम."

मॅडम! पेठेत मला माले म्हणायचे नाहीतर ए म्हणायचे. तीन प्रुफं झाली. तिसऱ्यावर सात, आठ, नऊच्या चौकोनांना गडद शेड ठरली. आणि जाताना साहेब म्हणाले, "तुमच्यासारखी नजर पुण्यामुंबईच्या लोकांना नाही." दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते.

"काय झालं गं?" सिंधूनं विचारलं. "असा घाम का फुटला तुला?"

"काही नाही. परवा किती वाजता आहे कचेरीत?"

"अकराला."

"मी येते."

"तू? तू कशाला?"

"कागदातलं मला कळतं थोडं," मी म्हटलं. फॉर्म माझा आहे, हे माझ्या तोंडातून निघालं नाही. झेरॉक्सचे पैसे ती पदराच्या गाठीतून सोडायला लागली, ते मी घेतले नाहीत. तेवढंच काय ते.

ती गेली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मूळ कागद गहाळ, नक्कल काळी! अरे, ही काय भातुकली आहे? सरळ आत गेले. तात्या चष्मा कपाळावर चढवून शाईचे डबे मोजत होते.

"तात्या, पत्रा कंपनीच्या अपघात फॉर्मचं पाकीट कुठाय?"

तात्यांची एक रीत होती. कुठलंही काम छापायला घ्यायच्या आधी गिऱ्हाइकाची प्रुफावर सही घ्यायची आणि सगळी प्रुफं पाकिटात घालून फळीवर ठेवायची. पुढं मागं कुणी म्हणालं की आम्ही असं छापा म्हटलंच नव्हतं, तर सही पुढं करायची. चाळीस वर्षांत एक पाकीट त्यांनी फेकलं नव्हतं.

"कशाला हवंय?"

मी सगळं सांगितलं. सिंधूचा हात सांगितला, डाव्या हातानं लिहिलेले दोन तास सांगितले. तात्या ऐकत राहिले. डबे मोजणं थांबलं होतं.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण माले, ही नसती उठाठेव. आपण छापणारी माणसं. गिऱ्हाईक म्हणेल तसं छापायचं."

"त्यांनी मुद्दाम केलंय, तात्या! सरळ दिसतंय. रकाने घालायला लावले म्हणून घातले, आणि नकलेत दिसू नयेत म्हणून काळे केले. बाईची तीन बोटं गेली आणि वर हिचीच चूक!"

"हळू बोल. आपलं निम्मं काम त्या कंपनीचं आहे. मशीनवर दोन माणसं आहेत माझ्या, त्यांची घरं आहेत. आणि..." ते थांबले. चष्मा खाली घेऊन माझ्याकडं नीट बघितलं. "त्या पाकिटात काय आहे ते आठवतंय का तुला?"

"हुद्दारांची सही आहे."

"तेवढंच?"

मी स्टुलावर चढून पाकीट काढलं. तात्यांनी अडवलं नाही, फक्त पाठ वळवली. पहिलं प्रूफ पाहिलं, दुसरं पाहिलं. तिसरं काढलं आणि स्टुलावरून उतरून त्याच स्टुलावर बसले. हुद्दारांच्या सहीच्या वर समासात आणखी एक अक्षर होतं, निळ्या बॉलपेनचं. ते माझं होतं. लिहिलेलं मी साफ विसरले होते. विसरले होते का विसरायचं ठरवलं होतं, देव जाणे.

"आता ने कचेरीत," तात्या पाठमोरेच म्हणाले. "हात दाखवून अवलक्षण. त्यांचं तर निघेलच, तुझंही निघेल."

त्या दिवशी मी पाकीट फळीवर परत ठेवलं. खोटं कशाला सांगू? ठेवलं. घरी आले, जेवले, आईशी कशावरून तरी भांडले. दुसऱ्या दिवशी कामावर गेले, तर पत्रा कंपनीचाच एक गेटपास पडद्यावर होता आणि त्याच्या कोपऱ्यात माझंच हेल्मेट, माझ्याच दोन वेण्या. संध्याकाळी निघताना पाकीट पर्समध्ये टाकलं. तात्यांनी बघितलं आणि परत शाईचे डबे मोजायला घेतले.

कचेरी म्हणजे एक लांबट खोली, हिरव्या भिंती, पंखा फिरतोय म्हणून फिरतोय. टेबलामागं सावर्डेकर नावाचे अधिकारी बसले होते. पन्नाशीचे, चष्म्याला काळा दोरा, समोर निवलेला चहा. टेबलाच्या एका बाजूला हुद्दार साहेब, तोच सफारी, तेच अत्तर. दुसऱ्या बाजूला सिंधू. आज तिनं नवी साडी नेसली होती आणि पट्टीचा हात पदराखाली झाकला होता. जसं काही चोरी तिनं केली होती.

मला बघून हुद्दारांच्या भुवया वर गेल्या. मग लगेच चेहरा गोड झाला. "अरे वा, मॅडम! तुम्हीही?"

"हो. मीही."

सावर्डेकरांनी झेरॉक्स हातात घेतली, उलटसुलट केली. "हे सात, आठ, नऊ वाचता येत नाही. मूळ प्रत कुठं आहे?"

"साहेब, ऑफिस वरच्या मजल्यावर हलवलं त्या गडबडीत गहाळ झाली," हुद्दार म्हणाले. "शोध चालू आहे. पण आमच्या रजिस्टरला स्पष्ट नोंद आहे, जाळी जागेवर होती. बाईंनी निष्काळजीपणा केला. आम्हाला वाईट वाटतं, पण..."

"खोटं बोलतोय!" सिंधू उसळली. "जाळी कोपऱ्यात पडलीती! तिच्यावर जेवणाचं डबं वाळत घालायची ती माणसं!"

"थांबा बाई. तुमची पाळी येईल." सावर्डेकरांनी परत कागद उचलला. "पण हे चौकोन असे काळे का?"

"ते काय आहे साहेब, डिझाइन छापखान्याचं." हुद्दारांनी दोन्ही हात पसरले. "आम्ही पत्र्याची माणसं. शेड कुठं द्यायची, किती द्यायची, आम्हाला काय कळतंय त्यातलं? त्यांनी दिली, आम्ही घेतली. चूक झाली असेल त्यांची, मी त्यांना दोष देत नाही. ह्या बाईच आल्यात, विचारा ना त्यांना."

चोराच्या उलट्या बोंबा! करून सवरून हा माणूस नामानिराळा, आणि वर मला माफ करतोय! माझ्या कानशिलाच्या शिरा ताड ताड उडायला लागल्या.

"तुम्ही कोण?" सावर्डेकरांनी विचारलं.

"मी हा फॉर्म केला," मी म्हटलं. सिंधूची मान झटकन माझ्याकडं वळली. मी तिच्याकडं बघितलं नाही. पर्समधून पाकीट काढलं आणि तिन्ही प्रुफं टेबलावर ओळीनं मांडली. "हे पहिलं. बघा, शेड फक्त मथळ्यांना आहे, दहा टक्के. लिहायचे सगळे चौकोन पांढरे. हे दुसरं. ह्यात हुद्दार साहेबांनी सात, आठ, नऊला गोल करून लिहिलंय, इथं शेड द्या. मी दिली, तीही हलकी. आणि हे तिसरं. हे तुम्ही मोठ्यानं वाचा, साहेब."

सावर्डेकरांनी चष्मा सरळ केला. वाचायला लागले.

"'साहेब, इथं कामगार लिहिणार आहे. शेड जरा गडद झाली तर बॉलपेननं लिहिलेलं झेरॉक्सला उतरत नाही, सगळं काळं होतं. शेड काढून टाकू का? माला.' आणि खाली..." ते थांबले. हुद्दारांकडं एकदा बघितलं. "खाली आहे, 'नको. सात, आठ, नऊला चाळीस टक्के करा. बाकी फॉर्म पांढरा ठेवा.' सही. तारीख. ही सही तुमची का हो?"

हुद्दारांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

"अजून आहे," मी म्हटलं. आता थांबणं शक्यच नव्हतं. "कागदावर नाही ते. ही चिठ्ठी वाचून साहेब माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, काळं होतं म्हणजे किती काळं? काहीच दिसत नाही? मी म्हटलं, थांबा, दाखवते. चाळीस टक्क्यांचा एक चौकोन छापला, त्यात माझ्याच बॉलपेननं माझंच नाव लिहिलं आणि आमच्याच मशीनवर झेरॉक्स काढली. नाव गेलं. साहेबांनी तो कागद खिडकीशी नेऊन बघितला आणि म्हणाले, वा! मग उभ्या उभ्या हे चाळीस टक्के लिहून सही केली आणि म्हणाले, तुमच्यासारखी नजर पुण्यामुंबईच्या लोकांना नाही." मी हुद्दारांकडं बोट केलं. "ह्यांना शेडमधलं काही कळत नव्हतं, हे अगदी खरं आहे साहेब. मी शिकवलं ह्यांना."

"ती सूचना केवळ सौंदर्याच्या दृष्टीनं..." हुद्दार चाचरले.

"कसलं?" सावर्डेकरांनी विचारलं.

"फॉर्म उठून दिसावा म्हणून..."

"हो ना. तीनच चौकोन उठून दिसावेत. जाळी, तक्रार आणि बाईचं म्हणणं." त्यांनी तिन्ही प्रुफं एकावर एक ठेवली, त्यावर पेपरवेट ठेवला. "मूळ कागद तुमच्याकडं गहाळ. नक्कल तुम्ही ठरवून काळी केलेली. मग आता ह्या बाईंचं म्हणणं मी कुठून घेऊ, ते तुम्हीच सांगा." उत्तराची वाट न बघता त्यांनी खणातून एक कोरा कागद काढला आणि सिंधूपुढं सरकवला. "सांगा बाई, काय लिहिलं होतं? आमचे लेखनिक लिहून घेतील."

"म्या लिवते," सिंधू म्हणाली.

"अहो, पण तुमचा हात..."

"ह्यो हाय की." तिनं डावा हात पुढं केला.

पट्टीच्या हातानं तिनं कागद दाबून धरला. डाव्या हातात पेन मुठीनं धरलं, मुसळ धरावं तसं. एकेक अक्षर म्हणजे एकेक कसरत. वेलांटी काढताना जीभ दातांत यायची, रेघ चुकली की थांबायची, परत गिरवायची. हुद्दारांनी घड्याळ बघितलं.

"घाई आहे का?" सावर्डेकर म्हणाले.

"नाही, नाही."

"मग बसा. त्यांच्या अर्जात लिहिलंय, पहिल्यांदा दोन तास लागले होते."

वीस मिनिटं लागली. सावर्डेकरांनी कागद उचलून वाचला. तीन ओळी होत्या. जाळी सोळा दिवस नव्हती. मी दोनदा सांगितलं. जाळी लावली तर माल निघत नाही म्हणाले. अक्षरं गडगडत गेलेली, पण ढळढळीत, पांढऱ्यावर निळी. त्यांनी त्यावर आपली सही केली, शिक्का मारला, आणि शिपायाला म्हणाले, "ह्याच्या दोन झेरॉक्स काढून आण. आणि आणल्यावर आधी मला दाखव."

बाहेर व्हरांड्यात आलो. मला वाटलं होतं, ती माझा हात धरेल. माणूस किती हावरट असतो बघा. मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता, भर कचेरीत स्वतःचं नाक कापून दिलं होतं, आता कुणीतरी पाठीवर हात ठेवावा असं मला वाटत होतं.

सिंधू कठड्याला टेकली. पट्टी सुटली होती ती दातांनी ओढून घट्ट करत होती. मी पुढं झाले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

मग म्हणाली, "म्हंजे तुला ठावं हुतं."

"काळं होतं एवढं ठाऊक होतं," मी म्हटलं. "कशासाठी ते नव्हतं ठाऊक, सिंधूताई. शप्पथ."

"त्यो तुझ्या म्होरं उभा राहून म्हणाला, काहीच दिसत न्हाई? आणि तू दावलंस."

"हो."

"मंग इचारायचं हुतंस की गं. एकदा. साहेब, दिसू नये असं का पायजे तुमास्नी? एवढंच."

अख्ख्या पेठेला प्रश्न विचारून हैराण करणारी मी. दोन रुपयांच्या सुट्ट्यासाठी कंडक्टरचं तोंड बंद करणारी मी. आणि तिथं एक अत्तरवाला माणूस मॅडम म्हणाला, नजर चांगली म्हणाला, तर माझं तोंड शिवलं गेलं होतं.

"तू आज बोललीस ते चांगलं केलंस," ती म्हणाली. आवाजात गोडी नव्हती आणि कडूपणाही नव्हता, हिशेबातला एक आकडा सांगावा तसं सांगितलं. "खरं, ते तवा बोलली असतीस तर मी घरला वाचत बसले असते माझं लिवलेलं. आज वीस मिन्टं पुन्यांदा लिवाय लागलं मला." आणि जिना उतरून गेली.

दीड महिन्यानं निकाल लागला. कंपनीचं म्हणणं फेटाळलं गेलं. सिंधूला नुकसानभरपाई मिळाली आणि पॅकिंगमध्ये बसून करायचं काम मिळालं. सगळ्या मशीनना जाळ्या लागल्या, असं तिथल्याच एका बाईनं सांगितलं. हुद्दारांचं काय झालं? काय होणार! दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीत गेले, म्हणे बढतीवर. अशी माणसं लोण्यातल्या सुरीसारखी सुटतात.

पत्रा कंपनीचं काम तात्यांकडून गेलं. त्यांनी मला काढलं नाही, एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. वर्षभरानं मीच निघाले आणि पुढं स्वतःचा संगणक घेतला. आता माझ्याकडं तीन मुली काम करतात. शेड, चित्रं, रंग, सगळं आता बोटाच्या एका टिचकीवर होतं आणि गिऱ्हाइकांना सगळंच हवं असतं. बँकेचे असोत, दवाखान्याचे असोत, शाळेचे असोत, फॉर्म अजून मी स्वतः बघते.

परवाच एकजण आला होता, सोसायटीचा कर्जाचा अर्ज घेऊन. चकचकीत माणूस. म्हणाला, "मॅडम, ह्या खालच्या चौकोनाला जरा डार्क शेड टाका. मस्त दिसेल."

"इथं कोण लिहिणार आहे?" मी विचारलं.

"अं? कर्जदार. का?"

"आणि शेड कशाला हवी?"

"अहो, डिझाइन म्हणून! तुम्हाला काय करायचंय त्याच्याशी?"

मी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. म्हटलं, मला वेळ आहे. सांगा तुम्ही.